पाच परस पाणी

सूर्यभानच्या पासपोर्टचा अर्ज मीच भरला. धंद्याच्या रकान्याशी येऊन थांबलो. दोन एकर जमीन त्याच्या नावावर होती, म्हणून शेती लिहितो म्हणालो, तर तो ऐकेना. "गुरुजी, आयुष्यभर विहिरी खांदल्या, त्येच ल्ह्या," म्हणाला. शेवटी 'विहीर खोदकाम' असं लिहिलं.

शेवगावपासून पूर्वेला बोधेगावच्या रस्त्यावर आमचं गाव आहे. तिथल्या शाळेत मी सव्वीस वर्षं शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर तिथेच राहिलो. सूर्यभानचं घर माझ्या घराला लागून. आमच्या शिवारातल्या साठेक विहिरी त्याच्या हातच्या आहेत. मुरूम कुठे संपतो, कातळ कुठे लागतो, पाझर कोणत्या अंगाने येईल, हे तो मातीचा वास घेऊन सांगायचा. खोली मोजायचा परसात. परस म्हणजे एका माणसाची उंची. आठ परस विहीर म्हणजे एकाच्या खांद्यावर एक अशी आठ माणसं उभी राहतील इतकी खोल.

गावात त्याचा मान वेगळाच होता, आणि तो केवळ विहिरींमुळे नव्हता. ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यात त्याचे दाजी कल्याण विहिरीत गेले. कल्याण म्हणजे सूर्यभानच्या थोरल्या बहिणीचा, छबूबाईचा नवरा. मूळचा घोडेगावकडचा, पण लग्नानंतर मेव्हण्याबरोबर याच धंद्यात पडलेला. दोघं मिळून गावातल्या भागवत नावाच्या शेतकऱ्याच्या वडिलांची विहीर खोदत होते. दुपारची वेळ होती, बाकीचे मजूर लिंबाखाली भाकरी खायला गेले होते. कल्याण खाली होता. सूर्यभान वर यारीवर होता. विहिरीतला दगड वर ओढायच्या डिझेल इंजिनच्या क्रेनला आमच्याकडे यारी म्हणतात. पाणी लागलं, कड ढासळली आणि कल्याण तिच्याखाली गेला. सूर्यभानने दोर धरून खाली उडी घेतली होती. त्याच्या तळहाताची सालटी निघाली होती, ती मी स्वतः पाहिली आहेत. "पानी एकदम आलं," एवढंच तो त्या दिवशी म्हणत होता. पोलिसांना, तलाठ्याला, आम्हा सगळ्यांना त्याने हेच सांगितलं. पंचनाम्यातही तेच लिहिलं गेलं.

छबूबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या, मुलगा अजिनाथ पाच वर्षांचा. सूर्यभानने बहिणीला गावात आणलं, मागच्या गल्लीत दोन खोल्या बांधून दिल्या, अजिनाथला स्वतःच्या मुलीबरोबर, धनश्रीबरोबर, माझ्या शाळेत घातलं. पुढे त्याला नगरला आयटीआयला पाठवलं. आज तो तिथल्या एमआयडीसीत फोरमन आहे. सूर्यभानने खोदकाम सोडलं नाही, पण त्या दिवसानंतर तो कधी यारीवर उभा राहिला नाही. कितीही खोल विहीर असो, खाली उतरणार तो, वर दुसरा. लोक म्हणायचे, छाती असावी तर अशी. भाऊ असावा तर असा. मीही शाळेत मुलांना त्याचं उदाहरण दिलं आहे.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायची. कल्याणचा विषय निघाला की तो उठून जायचा. त्याची बायको झुंबरबाई मला एकदा म्हणाली होती की दाजींचं नाव या घरात निघत नाही, त्यांना सोसत नाही. छबूबाईंनीही मग भावापुढे नवऱ्याचं नाव काढणं सोडून दिलं होतं. दुःखाचीच ही एक तऱ्हा असं आम्ही सगळे समजून होतो.

झुंबरबाई गेली आणि सूर्यभान घरात एकटा पडला. धनश्री तोवर अमेरिकेत, बॉस्टनला स्थायिक झाली होती. तिचा नवरा अंगद, तोही आपल्याच पाथर्डीकडचा. बापाला एकदा तरी इकडे आणायचंच असा तिने धोशा लावला आणि एका वर्षाच्या खटपटीनंतर, गेल्या सप्टेंबरात, सदुसष्ट वर्षांचा सूर्यभान विमानात बसला. तिथे आठ-पंधरा दिवस झाल्यावर धनश्रीने सुट्टी घेऊन त्याला मोठ्या जहाजावरच्या सहलीला नेलं. कॅनडाच्या किनाऱ्याने वर जायचं, वाटेत बंदरं पाहायची आणि सात दिवसांनी परत यायचं.

पुढचं मी धनश्रीकडून फोनवर आणि नंतर सूर्यभानकडून तोंडी ऐकलं आहे. दोघांच्या सांगण्यात फारसा फरक नाही.

जहाजाचं त्याला विशेष काही वाटलं नाही. चौदा मजले, त्यात दुकानं, हौद, गाण्याची जागा, हे सगळं त्याने मुलीसाठी पाहून घेतलं. जेवताना भात आणि दही घ्यायचा, धनश्रीने डब्यात आणलेली शेंगदाण्याची चटणी त्यावर टाकायचा. दिवसभर वरच्या मजल्यावर खुर्चीत बसून राहायचा. एवढं पाणी आणि एक घोट पिता येत नाही, असं एकदा म्हणाला म्हणे.

चौथ्या दिवशी जहाज सेंट जॉन नावाच्या बंदराला लागलं. तिथल्या खाडीत भरती-ओहोटी जगात क्वचितच कुठे येते एवढी मोठी येते, ते पाहायलाच लोक उतरतात. जहाजाची शिडी धक्क्याला जवळजवळ सपाट टेकलेली होती. त्यावरून दोघं सहज चालत उतरली आणि सहलीच्या बसमध्ये बसली. तासाभरात बस एका छोट्या कोळ्यांच्या बंदरावर पोचली.

तिथे पाणीच नव्हतं. लाल-तपकिरी चिखलावर मासेमारीच्या बोटी बसल्या होत्या, बैलगाड्या जू सोडून ठेवाव्यात तशा. त्यांचे दोर धक्क्यावरून सैल लोंबत होते. धक्क्याचे लाकडी खांब खालपासून वरपर्यंत काळे, शेवाळलेले, आणि अगदी वर हातभर कोरडे. सूर्यभान त्या खांबांकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "पाच परस." धनश्रीने भिंतीवरची पाटी वाचली. अठ्ठावीस फूट. त्याचा अंदाज जवळपास बरोबर होता. आपल्या बापाचा तिला त्या क्षणी फार अभिमान वाटला, असं ती मला म्हणाली.

बसबरोबर एक मध्यमवयीन बाई होती, माहिती सांगायला. तिने सगळ्यांना खाली किनाऱ्यावर नेलं, समुद्राने पोखरलेल्या गुहा दाखवल्या. मग म्हणाली की आता पाणी परत फिरेल. घाबरायचं कारण नाही, ते हळू येतं, पंधरा मिनिटांना फूटभर. परतायला भरपूर वेळ असतो. फक्त मिळालेला वेळ घालवू नका. धनश्रीने हे बापाला मराठीत सांगितलं.

लोक फोटो काढत होते. पाणी आलं ते आवाज न करता आलं. चिखलातल्या एका घळीतून आधी बोटभर धार आली, मग ती पसरली. लोक वर आले आणि समोरच्या हॉटेलात जेवायला गेले. सूर्यभान धक्क्यावरच्या बाकावर बसला आणि उठायला तयार होईना. धनश्रीने त्याच्यासाठी उकडलेले बटाटे आणले, ते तसेच राहिले. तो एका खांबाकडे एकटक बघत होता. खांबाला एक लोखंडी पट्टा ठोकलेला होता. त्या पट्ट्याच्या खाली पाणी होतं, मग पट्ट्याला लागलं, मग पट्टा गेला. त्याच्या वरचा दुसरा पट्टा लागायला किती वेळ गेला ते त्याने धनश्रीला घड्याळात बघायला लावलं. पंचवीस मिनिटं.

"घोट्यापासून गुडघ्यापर्यंत," तो म्हणाला. "धने, पंचवीस मिन्टं."

तिला कळेना. थंडी वाजते आहे का, छातीत काही होतंय का, तिने विचारलं. तो मान हलवत राहिला. बोटी आता हलायला लागल्या होत्या, एकेक करून चिखलातून सुटत होत्या. तेव्हा तो बोलला.

"कल्यानदाजींना एवढा वेळ हुता."

आणि मग त्याने बत्तीस वर्षांत कुणाला न सांगितलेलं मुलीला सांगितलं. पाणी एकदम आलं नव्हतं. सकाळच्या सुरुंगाने पूर्वेच्या अंगाला पाझर फुटला होता आणि खाली पाणी हळूहळू साचत होतं. कल्याण घोट्याएवढ्या पाण्यात उभा असताना त्याने वर हाक मारली होती. कड ओली व्हायला लागलीय, मला वर ओढ. खाली नवं ड्रिल मशीन होतं, त्याच महिन्यात घेतलेलं. पाण्यात बुडालं तर वाया गेलं असतं. सूर्यभानने वरून सांगितलं, आधी पाइप लावा, मग मशीन, मग तुम्ही. कल्याणने आधी मशीनचा पाइप बांधला. पाइप वर आला, यारीचं टोपलं पुन्हा खाली गेलं. मग मशीन बांधलं. ते जड होतं, इंजिन दोनदा बंद पडलं. मशीन वर आलं तेव्हा खाली पाणी गुडघ्याला लागलं होतं. तिसऱ्यांदा टोपलं खाली जात असताना भिजलेला मुरूम सुटला.

"एकदम आलं, एकदम आलं, असं सांगून सांगून मलाबी तसंच दिसाया लागलं हुतं," तो म्हणाला. "डोळे मिटले की पान्याचा लोंढाच दिसायचा. आज बघितलं, पानी कसं येतं त्ये. त्या बाईनं सांगितलं तसंच येतं."

धनश्री म्हणते, पहिल्यांदा तिला रडू आलं नाही, राग आला. अजिनाथ तिच्यासाठी सख्खा भाऊच. एकाच ताटात जेवून दोघं मोठी झालेली. त्याला वडील का नाहीत याचं जे उत्तर ती लहानपणापासून ऐकत आली होती, ते खोटं निघालं होतं. ती बाकावरून उठून धक्क्याच्या टोकापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. बस सुटायची वेळ झाली तेव्हा परत आली, बापाच्या कोटाची चेन वर ओढली आणि त्याला हाताला धरून नेलं.

बंदरात परतल्यावर जहाज धक्क्यापासून पार वर उचललेलं दिसलं. सकाळची सपाट शिडी आता चढ झाली होती. सूर्यभान कठड्याला धरून एकेक पाऊल टाकत चढला. वर पोचल्यावर त्याने एवढंच विचारलं की घरी कधी जाता येईल.

जहाजावरचे उरलेले तीन दिवस बाप-लेकीत याच एका गोष्टीवर बोलणं झालं. धनश्रीचं म्हणणं, आत्याला आता सांगू नका. आत्या सत्तरीला आली, तिचं जे काही दुःख होतं ते तिने कसंबसं बसवलंय, ते आता उकरून तिला काय मिळणार? तुमचं मन हलकं होईल, तिचं जड होईल. सूर्यभान फक्त म्हणाला, "मन हलकं व्हनार न्हाई गं. पर तिचं हाय त्ये. माज्यापाशी ऱ्हायलंय." सहा महिन्यांचा व्हिसा असून तो पाचव्या आठवड्यात परत आला.

येऊन दोन दिवस झोपून काढले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे आला. सगळं सांगितलं. मग म्हणाला, "गुरुजी, आक्काकडं जायचंय. तुमी संगं चला. कोनी असलं म्हंजी मी शब्द फिरवनार न्हाई." मला जायचं नव्हतं. पण मीच त्याचं उदाहरण देत आलेला माणूस, नाही कसं म्हणणार?

छबूबाई ओसरीवर बाजरी पाखडत बसल्या होत्या. भावाला बघून अमेरिकेच्या गोष्टी विचारायला लागल्या. तिकडे भाकरी मिळते का, धनश्रीची तब्येत कशी आहे. सूर्यभान उभाच राहिला आणि उभ्यानेच सांगून टाकलं. काही लपवलं नाही, काही वाढवलंही नाही. मशीनचं वाक्य मधेच तुटलं, तेव्हा ते त्याने पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

छबूबाईंच्या हातातलं सूप मांडीवर तसंच होतं. त्यांनी एकच विचारलं.

"आधी मशीन म्हनलास, तवा त्ये काय म्हनले?"

"बरं म्हनले."

"नुसतं बरं?"

"व्हय आक्का. बरं म्हनले आन् पाइप बांधाया लागले."

"तसेच हुते," छबूबाई म्हणाल्या. सूप बाजूला ठेवून त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. आम्ही बराच वेळ ओसरीवर थांबलो. शेवटी मी सूर्यभानला घेऊन घरी आलो.

पुढच्या रविवारी अजिनाथ नगरहून आला. आईने त्याला फोनवर स्वतःच सांगितलं होतं. तो मामाच्या दारात आला, आत आला नाही. चाळिशीकडे झुकलेला माणूस, अंगणात चपला घालून उभा. "मामा, तुम्ही मला हाताला धरून शाळेत नेलं," तो म्हणाला. "ते कशापायी नेलं, हे आता मला समजेना झालंय." सूर्यभान म्हणाला की त्यालाही ते कधी नीट समजलं नाही. माया आणि केलेल्या चुकीचं ओझं, दोन्ही गोष्टी असतील. अजिनाथ मोटारसायकलला किक मारून निघून गेला. त्या दिवाळीला भाऊबीज झाली नाही. गावात कुजबुज झाली, काही जणांनी सूर्यभानशी बोलणं सोडलं, काही जण मुद्दाम घरी येऊन बसले आणि गेलं ते गेलं म्हणाले. या दुसऱ्यांचं बोलणं त्याला जास्त लागायचं. चहा पाजून तो त्यांना वाटेला लावायचा.

डिसेंबरात छबूबाईंनी माझ्या नातीकडून, मोनिकाकडून, सूर्यभानला निरोप धाडला. मला विहीर दाखव, एवढाच निरोप. बत्तीस वर्षांत त्या भागवतच्या रानाकडे फिरकल्या नव्हत्या. लांबचा रस्ता धरायच्या, पण त्या बांधाने जायच्या नाहीत. सूर्यभान पुढे, त्या मागे, आणि त्यांचा हात धरायला मी, असे आम्ही गेलो. भागवत तिथे कांद्याला पाणी देत होता. आम्हाला बघून त्याने मोटार बंद केली आणि काही न विचारता लांब जाऊन उभा राहिला.

विहिरीत पाणी होतं, हिरवट, स्थिर. छबूबाईंनी काठावरच्या कठड्याला हात टेकवून खाली पाहिलं. त्यांनी विचारलं, कड कोणत्या बाजूची सुटली. सूर्यभानने दाखवली. तू कुठं हुतास, त्यांनी विचारलं. त्याने यारीची जागा दाखवली. तिथे आता फक्त सिमेंटचा एक चौथरा उरला आहे. छबूबाई चालत त्या चौथऱ्यापर्यंत गेल्या, त्याच्यावर चढल्या आणि तिथून पुन्हा खाली पाहिलं.

"हितून हाक ऐकू येती का रं खालची?"

"येती."

"इंजिन चालू असलं तरी?"

नाही म्हणून सुटून जायची सूर्यभानला ती संधी होती. "त्या येळेला इंजिन बंद हुतं, आक्का," तो म्हणाला.

त्यांनी मान हलवली, चौथऱ्यावरून उतरल्या आणि माझा हात न धरता एकट्याच बांधाने घराकडे चालायला लागल्या. आम्ही मागे राहिलो.

सगळं मिटलं असं मी लिहिणार नाही, कारण तसं झालेलं नाही. अजिनाथ अजून मामाच्या घरात पाऊल टाकत नाही. फोन केला तर उचलतो, एवढंच. धनश्री आत्याशी दर आठवड्याला बोलते, आणि बापाशीही बोलते, पण बापाशी बोलताना मधेच गप्प होते. सूर्यभान पूर्वीपेक्षा वाळला आहे.

पण संक्रांतीनंतर एका गुरुवारी दुपारी छबूबाई भावाच्या ओट्यावर येऊन बसल्या. मी माझ्या अंगणात होतो, मला सगळं ऐकू येत होतं. त्यांनी कशाची प्रस्तावना केली नाही. खाली कामाला असल्यावर ते काय बोलायचे, असं त्यांनी विचारलं. सूर्यभान गडबडला. मग हळूहळू बोलायला लागला. दाजी दगडाशी बोलायचे, तो म्हणाला. फुटत नसला की त्याला घोडेगावच्या गुरांच्या बाजारातल्या दलालासारखं समजावायचे. कातळ लागला की मजुरांना सांगायचे की माझा अजिनाथ या कातळाएवढा हट्टी आहे. छबूबाई ऐकत होत्या. नवऱ्याचं दिवसभराचं बोलणं त्यांच्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं. संध्याकाळी घरी येणारा माणूस दमलेला असायचा, जेवून झोपायचा. बाकीचा सगळा कल्याण त्या विहिरींत होता, आणि तो पाहिलेला माणूस एकच. त्याच माणसाने खोटं सांभाळायचं म्हणून बत्तीस वर्षं त्याचं नाव घेतलं नव्हतं. हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. छबूबाईंच्या ते माझ्याआधी आलं असणार.

तेव्हापासून त्या बहुतेक गुरुवारी येतात. कधी तासभर बसतात. कधी मधेच काहीतरी आठवून त्यांचा संताप होतो, त्या उठून जातात आणि दोन आठवडे फिरकत नाहीत. सूर्यभान त्यांची समजूत काढायला जात नाही. गुरुवारी दुपारी तो ओटा झाडतो, एक सतरंजी टाकतो आणि बसून राहतो.

गेल्या गुरुवारी तो सांगत होता की एकटे खाली असले की दाजी गाणं म्हणायचे. छबूबाईंना हे खरं वाटेना. घरात कधी गुणगुणलेलंही त्यांनी ऐकलं नव्हतं. खालीच म्हणायचे, सूर्यभान म्हणाला, अंधाराचं भ्यायचे म्हणून. कोणतं गाणं, त्यांनी विचारलं. त्याने आठवून पाहिलं. शब्द येईनात. चाल थोडी आली, तीही मधेच तुटली. त्याने हात जोडल्यासारखे केले, म्हणाला, बत्तीस वर्षं झाली आक्का, गेलं डोक्यातून.

छबूबाईंनी पदर सारखा केला आणि भिंतीला टेकल्या.

"आठवून बघ," त्या म्हणाल्या. "मी बसलीय."